ऑर्डर नक्की कोण देतंय? जपानच्या 'अराउंड ४०'ची गोष्ट



आज सुरुवात एका मराठी शब्दाने करू. घोडनवरी. लग्नाचं वय 'उलटलेल्या' मुलीसाठी हा शब्द आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलाय. घोडनवरा असंही म्हणतात म्हणे, पण तो तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? आठवत नाही ना? मलाही नाही.

जपानमध्ये १९८०च्या दशकात याच कामासाठी वेगळा शब्द होता: ख्रिसमस केक. तिकडे ख्रिसमसला क्रीम आणि स्ट्रॉबेरीचा केक घरी आणायची पद्धत आहे. २४ तारखेला मागणी, २५ला शेवटची गिऱ्हाइकं, आणि २६ला तोच केक अर्ध्या किमतीत. मुलीचं वयही तसंच, २५ झाली की संपलं. विनोद म्हणून बोलायचे बरं का. पण ज्या मुलीचा पंचविसावा वाढदिवस असेल, तिला किती हसू आलं असेल?

आता याच काळात घडलेली दुसरी गोष्ट बघा. १९८५ साली जपानच्या संसदेने समान रोजगार संधीचा कायदा केला आणि एप्रिल १९८६पासून तो लागू झाला. त्याआधी कित्येक कंपन्यांमध्ये मुलगी नोकरीला लागायची, चहा द्यायची, फाइली लावायची आणि लग्न ठरलं की राजीनामा द्यायची. काही ठिकाणी तर तसा लेखी नियम होता. १९६६मध्ये एका सिमेंट कंपनीतल्या बाईने त्याविरुद्ध टोकियोच्या न्यायालयात केस जिंकली होती, तरी प्रथा काही गेली नाही.

मग नव्या कायद्याने गेली का? मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून माझ्या भाषेत सांगतो: हा कायदा एरर नव्हता, वॉर्निंग होता. भरती आणि बढतीत भेदभाव करू नये यासाठी कंपन्यांनी 'प्रयत्न करावा', एवढंच त्यात होतं. आणि वॉर्निंगचं आपण काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. भेदभावावर खरी बंदी यायला १९९९ उजाडलं.

कंपन्यांनी तोवर एक पळवाट काढली. नोकरीचे दोन ट्रॅक केले. एक 'सोगोशोकु', म्हणजे बढती मिळणार, पण रात्री उशिरापर्यंत थांबायचं आणि सांगतील त्या गावी बदलीवर जायचं. दुसरा 'इप्पानशोकु', म्हणजे साधं ऑफिसकाम, पुढे फारशी वाट नाही. कागदावर दोन्ही ट्रॅक सगळ्यांना खुले. पण पहिल्या ट्रॅकवरचा पुरुष रात्री अकराला घरी यायचा तेव्हा जेवण गरम करून द्यायला घरात बायको असायची. त्या ट्रॅकवरच्या बाईच्या घरी कोण होतं? सरसकट बालसंगोपन रजेचा कायदासुद्धा १९९२मध्ये लागू झाला. म्हणजे दार उघडलं, पण आत यायचं तर संसार बाहेर ठेवून या, असा मामला.

या दारातून आत आलेली पिढी म्हणजे १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुली. तेव्हा जपानमध्ये पैशाचा पूर आला होता. १९८९च्या शेवटी निक्केई निर्देशांक ३८,९००च्या वर गेला होता. या मुली कमवत होत्या, फिरत होत्या, आणि नवरा हवा तर 'तीन उंच' गोष्टी असलेला: शिक्षण उंच, पगार उंच आणि स्वतःही उंच! मग फुगा फुटला. उंच पगारवाले कमी झाले, वय मात्र वाढत राहिलं.

टीव्ही या पिढीच्या मागोमाग चालला होता. १९९४मध्ये एक मालिका आली, नावाचा अर्थ 'एकोणतिसाव्या वर्षीचा ख्रिसमस'. केकची तारीख चार वर्षांनी पुढे सरकली म्हणा ना! त्यात युकी मात्सुशिता ही अभिनेत्री होती. हे नाव लक्षात ठेवा.

२००३मध्ये जुन्को साकाई या लेखिकेचं पुस्तक गाजलं. तिशी उलटलेली, लग्न नाही, मूल नाही, अशा बाईला तिने त्यात नाव दिलं 'माकेइनु', म्हणजे हरलेलं कुत्रं. साकाई स्वतः त्यातलीच. तिचा सूर होता की चला, हरलो म्हणून टाकू, म्हणजे वाद मिटेल. पण उपरोध हा प्रकार फॉरवर्ड झाला की मरतो. लोकांनी उपरोध सोडला आणि शब्द तेवढा उचलला. पुढे २००७च्या जानेवारीत तर आरोग्यमंत्री हाकुओ यानागिसावा यांनी घटत्या जन्मदराबद्दल भाषण करताना बायकांना 'मुलं जन्माला घालणारी यंत्रं' म्हटलं. माफी मागावी लागली, पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

तर केक, कुत्रं, यंत्र. या पार्श्वभूमीवर एप्रिल २००८मध्ये टीबीएस वाहिनीवर 'अराउंड ४०' सुरू झाली. शुक्रवारी रात्री दहाला, एकूण ११ भाग.

नायिका सातोको ओगाता. मानसोपचारतज्ज्ञ, वय ३९, एकटी. भूमिकेत युकी अमामी. सातोकोची एक मैत्रीण मासिकाची संपादक, दुसरी गृहिणी, नवरा आणि मुलगा असलेली. ही गृहिणी झाली होती तीच युकी मात्सुशिता, १४ वर्षांपूर्वीच्या त्या ख्रिसमसवाली! मालिका चालू होती तेव्हा अमामी खरोखर ४० वर्षांची होती आणि बाकी दोघीही चाळिशीच्या आसपास होत्या. सातोको प्रेमात पडते ती वयाने लहान, पर्यावरणापायी काटकसर करणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाच्या. म्हणजे 'तीन उंच'च्या यादीचा पार निकाल. शीर्षकगीत मारिया ताकेउचीचं, नावाचा अर्थ 'सुखाची मोजपट्टी'. मालिकेचा प्रश्नही तोच: मोजायचं, पण कुणाच्या पट्टीने?

आता माझा सगळ्यात आवडता मुद्दा. मालिकेच्या नावाला एक उपशीर्षक होतं, 'चुमोन नो ओओइ ओन्नाताची', म्हणजे 'खूप ऑर्डरी देणाऱ्या बायका'. थोडक्यात, फार अटी असलेल्या. हे ऐकल्यावर जपानी माणसाला केन्जी मियाझावाची १९२४ची प्रसिद्ध गोष्ट आठवणारच, कारण नाव जवळजवळ तेच आहे: 'खूप ऑर्डरींचं रेस्टॉरंट'. त्यात दोन शिकारी जंगलातल्या एका रेस्टॉरंटमध्ये शिरतात. खूप ऑर्डरी म्हणजे धंदा जोरात असणार, असं त्यांना वाटतं. पण प्रत्येक दारावर त्यांच्यासाठीच सूचना असतात. बूट काढा. अंगाला क्रीम लावा. मीठ चोळा. शेवटी त्यांच्या लक्षात येतं की ऑर्डर आपण देत नाही आहोत. आपल्यालाच शिजवायची तयारी चालू आहे.

हे डोक्यात ठेवून त्या पिढीकडे परत बघा. जग म्हणत होतं, या बायकांच्या अटी फार. पण दारांवरच्या पाट्या वाचा. पुरुषासारखं काम करा. पंचविशीच्या आत लग्न करा. लग्न केलंत तर नोकरी सोडा. सोडली नाहीत तर मुलाचं तुमचं तुम्ही बघा. मूल नसेल तर देशाची माफी मागा. अटी नक्की कुणाच्या होत्या?

त्या वर्षअखेरीस 'अराउंड ४०'चं छोटं रूप 'अराफो' हे जपानमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम नव्या शब्दांपैकी एक ठरलं आणि पुरस्कार घ्यायला अमामी स्वतः गेली. बाजाराने लगेच हात धुऊन घेतले: अराफोसाठी क्रीम, अराफोसाठी कपडे. ते होणारच होतं. पण मला एक गोष्ट मोठी वाटते. या शब्दात ना केक आहे, ना कुत्रं. नुसता एक आकडा आहे. विवाहित, अविवाहित, नोकरीवाली, घरी असलेली, सगळ्या त्यात मावतात. पुढे तर पुरुषांनाही तो लागू लागला.

शब्दाने परिस्थिती बदलली का? नाही. पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेल्या जपानी स्त्रिया १९९०मध्ये सुमारे ४ टक्के होत्या, २०२०मध्ये सुमारे १८. पुरुषांचा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास आहे. प्रमाण पुरुषांचं जास्त, तरी केक झाल्या बायकाच.

पण शब्द बदलला की प्रश्न विचारायची दिशा बदलते. 'हिचं काय चुकलं?' ऐवजी 'दारावर काय लिहिलं होतं?' असं विचारता येतं.

म्हणून पुढच्या लग्नात एखाद्या ताईबद्दल कुणी 'हिच्या अपेक्षाच फार' असं म्हणालं, तर आधी दारावरची पाटी वाचा. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!