जीववैज्ञानिक संज्ञाजाल व आलेख परिक्रमण

जीवविज्ञानातील संज्ञा, त्यांच्या व्याख्या आणि त्यांचे परस्परसंबंध यांची संगणकास वाचता येईल अशी पद्धतशीर मांडणी म्हणजे जीववैज्ञानिक संज्ञाजाल किंवा ऑन्टॉलॉजी होय. यातील प्रत्येक संज्ञा हा आलेखाचा एक शिरोबिंदू व प्रत्येक संबंध ही एक कडा मानली जाते. एका शिरोबिंदूपासून कडांवरून क्रमाने इतर शिरोबिंदूंपर्यंत जाण्याच्या क्रियेस आलेख परिक्रमण म्हणतात.

कार्ल लिनीअस यांनी १७३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणाचे स्वरूप वृक्षासारखे होते. त्यात प्रत्येक गटास एकच वरिष्ठ गट असे. त्यानंतर वर्षभरातच, १७३६ मध्ये, लेनर्ड ऑयलर यांनी क्यनिग्झबर्ग येथील सात पुलांचा प्रश्न सोडवून आलेख सिद्धांताचा पाया घातला. या दोन विचारांचा संगम होण्यास मात्र अडीच शतकांहून अधिक काळ लागला. दरम्यान परिक्रमणाच्या रीती सिद्ध झाल्या होत्या. ई. एफ्. मूर यांनी १९५९ मध्ये जवळचे शिरोबिंदू आधी व दूरचे नंतर पाहण्याची रीत मांडली, तर रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ मध्ये एकाच वाटेने शेवटपर्यंत जाऊन परत फिरण्याच्या रीतीचे सामर्थ्य दाखवून दिले.

फळमाशी, यीस्ट व उंदीर यांच्या जननिक माहितीसंचांचे काम पाहणारे संशोधक एकाच कार्यास निरनिराळी नावे देत असत. ही अडचण दूर करण्यासाठी त्यांनी १९९८ मध्ये जीन ऑन्टॉलॉजी हा संयुक्त उपक्रम सुरू केला. त्याचे तीन विभाग आहेत : रेणवीय कार्य, जैव प्रक्रिया व कोशिकीय घटक. येथे वृक्षाची मर्यादा ओलांडावी लागली, कारण एका संज्ञेस एकाहून अधिक पालक असू शकतात. उदा., नांदेड जिल्ह्यातील उमरी हे गाव प्रशासनाच्या दृष्टीने त्या जिल्ह्यात, तर जलनिःसारणाच्या दृष्टीने गोदावरीच्या खोऱ्यात मोडते. दोन्ही वाटा पुढे भारतातच मिळतात. त्याचप्रमाणे ‘कवकापासून संरक्षण’ ही प्रक्रिया एका वाटेने ‘संरक्षण प्रतिसाद’ व दुसरीने ‘कवकास प्रतिसाद’ या संज्ञांकडे जाते आणि दोन्ही वाटा ‘उद्दीपनास प्रतिसाद’ या व्यापक संज्ञेत एकत्र येतात. अशा रचनेत कडांना दिशा असते. परंतु फिरून मूळ बिंदूवर येता येत नाही. म्हणून तीस दिष्ट अचक्री आलेख म्हणतात.

या आलेखावर काम करण्यासाठी पुढे अनेक आज्ञावली-संग्रह तयार झाले. पायथॉन या संगणक भाषेतील गोटूल्स व प्रोन्टो हे त्यांपैकी होत. त्यांतील सहायक फलने दिसण्यात किरकोळ असतात. दिलेल्या संज्ञेचे सर्व पूर्वज किंवा सर्व वंशज काढणे, किती पायऱ्यांपर्यंत जावयाचे ते ठरविणे, मूळ संज्ञा उत्तरात धरावी की नाही हे निश्चित करणे, अशी त्यांची कामे असतात. प्रोन्टोमध्ये, वेगळी सूचना न दिल्यास, मूळ संज्ञाही उत्तरात येते. भेट दिलेल्या शिरोबिंदूंची नोंद ठेवणे हे सर्वांत महत्त्वाचे होय. ती न ठेवल्यास दोन वाटांनी गाठलेली संज्ञा दोनदा मोजली जाते. तसेच चुकीच्या नोंदीमुळे आलेखात चक्र निर्माण झालेले असल्यास परिक्रमण कधीच संपत नाही.

दुसरा प्रश्न कोणत्या कडेवरून चढावयाचे हा आहे. एखादे जनुक विशिष्ट संज्ञेस जोडले की ते ‘प्रकार आहे’ व ‘भाग आहे’ या संबंधांनी तिच्या सर्व पूर्वज संज्ञांसही जोडले गेले असे मानतात. ‘नियंत्रण करते’ या संबंधास हा नियम लावता येत नाही. प्रक्रियेचे नियंत्रण करणारे जनुक त्या प्रक्रियेत प्रत्यक्ष भाग घेतेच असे नाही. सर्व कडा सारख्या मानणारे फलन उत्तर देते. पण ते उत्तर खोटे असते.

या काटेकोरपणाचे महत्त्व मराठवाड्यातील तुरीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मर हा कवकजन्य व वांझ हा व्हायरसजन्य रोग या पिकाचे मोठे नुकसान करतात. बदनापूर येथील कृषी संशोधन केंद्राने विकसित केलेला बीएसएमआर ७३६ हा वाण दोन्ही रोगांस प्रतिकारक आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या संस्थेच्या नेतृत्वाखाली तुरीच्या आशा या वाणाच्या जीनोमाचे वाचन होऊन २०१२ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात ४८,६८० जनुके असल्याचे अनुमान करण्यात आले. एवढ्या जनुकांची कार्ये एकेक प्रयोग करून ठरविणे शक्य नसल्याने ती बहुधा इतर वनस्पतींच्या जनुकांशी असलेल्या साधर्म्यावरून ठरवितात व संज्ञाजालातील संज्ञांनी नोंदवितात. रोगप्रतिकाराशी संबंधित जनुके वेगळी काढताना ‘संरक्षण प्रतिसाद’ या संज्ञेचे सर्व वंशज शोधावे लागतात. त्यांतील एखादी शाखा सुटली, तर उपयुक्त जनुक पैदासकाराच्या यादीत येतच नाही; एखादी शाखा दोनदा मोजली गेली, तर संख्याशास्त्रीय निष्कर्ष फसवा ठरतो. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यास नवा वाण मिळण्यास लागणारी वर्षे अशा चुकीने वाढू शकतात.

पिकांच्या गुणधर्मांसाठी २००८ पासून क्रॉप ऑन्टॉलॉजी हा स्वतंत्र उपक्रम विकसित होत गेला. त्यात गुणधर्म, तो मोजण्याची पद्धत व मोजमापाचे परिमाण यांची वेगवेगळी नोंद होते. त्यामुळे निरनिराळ्या केंद्रांतील निरीक्षणांची तुलना करणे सुकर झाले आहे. तथापि संज्ञाजाल कितीही परिपूर्ण असले, तरी त्यातून निघणारा निष्कर्ष परिक्रमणाच्या नियमांइतकाच विश्वसनीय असतो.