मालवण ते पणजी, व्हाया 1746

मॅपवर 'मालवण ते पणजी' टाकलं की दोन-तीन रेषा समोर येतात. एक कुडाळला हायवे पकडते आणि बांद्यावरून पत्रादेवीला गोव्यात शिरते. दुसरी परुळे, वेंगुर्ला, शिरोडा असं किनाऱ्याने येऊन आरोंद्याला पोचते आणि किरणपाणीच्या पुलावरून तेरेखोल नदी ओलांडते. मधे सातार्ड्याचा पूल आहे. हौस असेल तर रेडीवरून तेरेखोल गावात जायचं आणि फेरीबोटीने पलीकडे केरीला उतरायचं.

या रेषा निवडणारा हिशेब साधा असतो. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्यायची, साधारणपणे मिनिटांत, आणि ज्या वाटेची बेरीज सगळ्यात कमी ती वाट दाखवायची. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ही रीत 1956 साली शोधली. इंजिनिअरिंगला आम्ही ती परीक्षेपुरती पाठ करतो. पण त्याच 1956 साली बांद्याहून पत्रादेवीला जायची किंमत मिनिटांत सांगता आली नसती. अंतर तेव्हाही एवढंच होतं, मात्र रस्ता बंद होता.

ही सीमा आली कुठून? तेरेखोल गाव नकाशावर नीट पाहा. नदी म्हणजे हद्द, उत्तरेला महाराष्ट्र आणि दक्षिणेला गोवा, असं आपण धरून चालतो. पण तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात आहे. तो मुळात सावंतवाडीच्या भोसल्यांचा. 1746 मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला आणि तेव्हापासून नदीच्या अलीकडचा हा तुकडा गोव्याकडे राहिला. पेडणे महालही सावंतवाडीचाच होता. कोल्हापूरकरांशी वैर पेटलेलं असताना खेम सावंतांनी पोर्तुगीजांची मदत घेतली आणि 1788 मध्ये पेडणे त्यांच्या हाती गेलं. डिचोली, सत्तरी आणि पेडणे असे उशिरा मिळालेले महाल 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले गेले. आज बांद्याच्या पुढे राज्य बदलतं ते अठराव्या शतकातल्या या व्यवहारांमुळे.

माणसांनी ही रेघ फार मनावर घेतली नाही. पेडण्यातली लेक सावंतवाडीत आणि वेंगुर्ल्यातली पेडण्यात देणं चालूच राहिलं. बोलीही नदी ओलांडताना फारशी बदलत नाही.

रेघ खरी टोचली ती स्वातंत्र्यानंतर. इंग्रज गेले, पोर्तुगीज राहिले. 15 ऑगस्ट 1955 ला देशभरातून आलेले हजारो नि:शस्त्र सत्याग्रही वेगवेगळ्या ठिकाणांहून गोव्यात शिरले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसं मेली. बांद्याच्या बाजूने पत्रादेवीत शिरलेल्या तुकडीत पंजाबातल्या इसरू गावचा करनैल सिंग हा तरुण होता. तो तिथेच गोळी लागून पडला.

त्यानंतर भारताने गोव्याची नाकेबंदी आवळली. रेल्वे बंद, व्यापार बंद, येणं-जाणं परवान्यावर. मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांना घरी पैसे पाठवणंही कठीण झालं. पोर्तुगीजांनी यावर हवेतून वाट काढली. 1955 मध्येच दाबोळी विमानतळ सुरू झाला आणि तिथून विमानं कराचीला जाऊ लागली. म्हणजे बांदा ते पेडणे हे काही किलोमीटर अशक्य आणि गोवा ते कराची शक्य! उरलेली वाट चोरट्यांची. सोनं, घड्याळं आणि परदेशी कापड नदीनाल्यांतून, रानातून इकडे येत राहिलं.

डिसेंबर 1961 मध्ये हा वाट निवडण्याचा प्रश्न लष्करापुढे आला. मुख्य मारा पूर्वेकडून, घाट उतरून करायचा होता. ते काम 17 व्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं. उत्तरेकडून येणाऱ्या 50 व्या पॅराशूट ब्रिगेडने, म्हणजे ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या तुकड्यांनी, फक्त मदत करायची होती. मागे हटताना पोर्तुगीजांनी पूल उडवले होते, रस्त्यांत सुरुंग पेरले होते. तरीही दोडामार्गाकडून निघालेली 2 शीख लाइट इन्फन्ट्री थिवीमार्गे 18 डिसेंबरच्या संध्याकाळी मांडवीकाठी बेतीला पोचली. समोर पणजी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून सैन्य शहरात शिरलं. कागदावरची दुय्यम वाट आधी पोचली.

त्यानंतर ही राज्यांमधली साधी हद्द झाली, पण तिची किंमत शून्य कधीच झाली नाही. सावंतवाडी-दोडामार्गातली कितीतरी मुलं नोकरीला रोज गोव्यात जातात. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये नाके बंद झाले आणि घरापासून तासाभरावरची नोकरी परदेशात गेल्यासारखी झाली. नंतर ई-पास आला, 2021 मध्ये निगेटिव्ह रिपोर्ट.

दवाखान्याचंही तसंच. सिंधुदुर्गातला गंभीर पेशंट बांबोळीच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेणं ही इथली जुनी सवय. 2018 च्या सुरुवातीपासून तिथे गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं, तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं. गोव्याची बाजूही समजण्यासारखी आहे: तिथल्या करातून चाललेलं हॉस्पिटल आहे. पण अठराव्या शतकातले ते व्यवहार वेगळे झाले असते तर दोडामार्ग आणि डिचोलीचे पेशंट एकाच रांगेत उभे असते, हेही तितकंच खरं.

तर आज कुठून जावं? पेशंट असेल किंवा फ्लाइट गाठायची असेल तर हायवेने, बांदा-पत्रादेवी. वेळ हाताशी असेल तर शिरोड्यावरून किरणपाणी. रस्ता अरुंद, पण खाडी आणि माड सोबतीला. परतताना डिकीत बाटल्या असतील तर परवाना जवळ ठेवा, इन्सुलीचा नाका गाडी बघतो. आणि पत्रादेवीला हुतात्मा स्मारकापाशी पाच मिनिटं थांबा. जी हद्द आपण गाणं न थांबवता पार करतो, ती पायी ओलांडताना मेलेल्यांची आठवण तिथे आहे.