लाल ऑक्सिजन

लाल ऑक्सिजन किंवा एप्सिलॉन-ऑक्सिजन ही सुमारे १० गिगापास्कलहून, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ १ लाख पटींहून, अधिक दाबाखाली आढळणारी घन ऑक्सिजनची प्रावस्था होय. सामान्य तापमानात दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये ऑक्सिजन दाबत नेल्यास सुमारे ५.४ गिगापास्कलला तो गोठतो, पुढे नारिंगी आणि मग गडद लाल होतो.

ही प्रावस्था १९७९ पासून ज्ञात होती. परंतु तिच्यातील रेणूंची मांडणी दीर्घकाळ अनिर्णीत राहिली. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अयुग्मित इलेक्ट्रॉन असल्याने तो चुंबकीय असतो. लाल प्रावस्थेत हे चुंबकत्व लोपते. त्यामुळे रेणू जोडीने एकत्र येऊन चार अणूंचे एकक बनत असावे, असा तर्क होता. तर्क सयुक्तिक असला, तरी चुकीचा ठरला. २००६ मध्ये लुंडगार्ड आणि फुजिहिसा यांच्या स्वतंत्र गटांनी क्ष-किरण विवर्तनाने दाखविले की, चार रेणू समभुज चौकोनाच्या कोपऱ्यांवर उभे राहून आठ अणूंचा समूह बनवितात. ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा, हे शालेय विधान येथेही खोटे ठरत नाही, कारण मूळ रेणू फुटत नाहीत. रेणूतील अणू सुमारे १.२ अँगस्ट्रॉम, तर समूहातील शेजारचे रेणू सुमारे २.३ अँगस्ट्रॉम अंतरावर असतात.

सुमारे ९६ गिगापास्कलच्या वर ऑक्सिजन धातुरूप होतो. तो ०.६ केल्विनला अतिसंवाहक बनतो, असे १९९८ मध्ये आढळले.