प्लिमथ चर्च, ब्रुकलिन

प्लिमथ चर्च हे अमेरिकेतील न्यू यॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातील, १८४७ मध्ये स्थापन झालेले प्रोटेस्टंट चर्च होय. पहिले धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर (१८१३–१८८७) यांच्या चाळीस वर्षांच्या कारकिर्दीत ते गुलामगिरीविरोधी लोकमताचे प्रमुख केंद्र बनले. बीचर गुलाम मुलींना व्यासपीठावर उभे करून लिलावाचा देखावा करीत आणि जमलेल्या वर्गणीतून त्यांची मुक्तता होई. हा प्रकार नाटकी खरा. परंतु केवळ ऐकून माहीत असलेली गुलामगिरी त्यामुळे श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर येई. १८६० मध्ये अशा रीतीने मुक्त झालेली ‘पिंकी’ ही नऊ वर्षांची मुलगी १९२७ साली वृद्धापकाळी पुन्हा या चर्चमध्ये आली. बीचर यांच्यावरील परस्त्रीसंबंधाच्या आरोपाचा खटला १८७५ मध्ये गाजला. त्यात ज्यूरींचे एकमत झाले नाही; त्यांचे धर्मोपदेशकपद मात्र अखेरपर्यंत टिकले.