अन्वस्ताचे समीकरण : दोन अंतरांची बरोबरी

कनिष्ठ महाविद्यालयात अन्वस्ताचे समीकरण अनेक विद्यार्थी पाठ करतात. वास्तविक ते पाठ करण्याची गरज नाही. अन्वस्ताच्या व्याख्येतून ते चार पायऱ्यांत मिळते, आणि अन्वस्ताकार अँटेना का उपयोगी पडतो याचे उत्तरही त्याच व्याख्येत आहे.

प्रतलात एक स्थिर बिंदू आणि त्यातून न जाणारी एक स्थिर रेषा घेतली, तर या दोहोंपासून समान अंतरावर असणाऱ्या बिंदूंचा बिंदुपथ म्हणजे अन्वस्त. स्थिर बिंदूला नाभी आणि स्थिर रेषेला नियतरेषा म्हणतात. नाभीतून नियतरेषेवर टाकलेल्या लंबाचा मध्यबिंदू दोहोंपासून सारख्याच अंतरावर असल्याने तो वक्रावर असतो. हाच शिरोबिंदू होय.

शिरोबिंदू हा आरंभबिंदू आणि हा लंब य-अक्ष मानू. नाभी शिरोबिंदूपासून अ अंतरावर असेल, तर तिचे सहनिर्देशक (०, अ) होतात आणि नियतरेषेचे समीकरण य = −अ असे होते. वक्रावरील कोणताही बिंदू (क्ष, य) घेतल्यास पायथागोरसच्या सिद्धांतानुसार त्याच्या नाभीपासूनच्या अंतराचा वर्ग क्ष² + (य − अ)² इतका असतो. नियतरेषेपासून त्याचे लंबांतर य + अ आहे. ही दोन्ही अंतरे समान असल्याने,

क्ष² + (य − अ)² = (य + अ)²

कंस सोडवल्यावर य² आणि अ² ही पदे दोन्ही बाजूंना येतात व निघून जातात. डावीकडील −२अय हे पद उजवीकडे नेले की उरते,

क्ष² = ४अय

अक्ष उभ्याऐवजी आडवा घेतल्यास क्ष आणि य यांची केवळ अदलाबदल होते.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे असलेल्या ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आहेत. अन्वस्त आपल्या अक्षाभोवती फिरवल्यावर जो वाडग्यासारखा पृष्ठभाग मिळतो, तो त्यांचा आकार. त्यांचे नाभीय अंतर सुमारे १८.५ मीटर आहे. वाडग्याच्या काठावर क्ष = २२.५ मीटर. ही किंमत समीकरणात घातली, की काठ तळापेक्षा सुमारे ६.८ मीटर उंच असला पाहिजे, हे निश्चित होते.

हाच आकार का, याचे उत्तर नियतरेषा देते. दूरच्या ताऱ्याकडून अक्षाला समांतर येणारे तरंग शिरोबिंदूपासून ह उंचीवर एकाच वेळी पोहोचले असे समजू. वक्रावरील बिंदूपर्यंत ते ह − य इतके अंतर खाली येतात आणि परावर्तित होऊन नाभीपर्यंत आणखी य + अ इतके जातात, कारण नाभीपासूनचे अंतर हे नियतरेषेपासूनच्या अंतराइतकेच असते. दोहोंची बेरीज ह + अ. या बेरजेत क्ष नाही आणि य-ही नाही. म्हणजे तरंग वाडग्याच्या तळाशी आदळो वा काठाशी, नाभीपर्यंतचा त्याचा प्रवास तेवढाच असतो. त्यामुळे सारे तरंग तेथे एकाच वेळी पोहोचतात, एकमेकांत मिळतात आणि अत्यंत क्षीण संकेतही नोंदवता येतो. नियतरेषा प्रत्यक्ष अँटेनात कोठेही दिसत नाही. मात्र ४५ मीटर व्यासाचा तो वाडगा तिच्याच हिशेबाने वळवलेला असतो.