बार्टोकचा तिसरा पियानो कॉन्चेर्तो

कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक आणि वाद्यवृंद यांच्यातील संवाद. कधी तो संघर्षाच्या टोकाला जातो. हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक (१८८१–१९४५) याच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्तोत (१९२६) पियानो गाण्यापेक्षा आघातच अधिक करतो. तालवाद्यांच्या जातीचा होऊन वाद्यवृंदाला भिडतो. १९४५ मधील तिसऱ्या कॉन्चेर्तोत हा आवेश ओसरलेला दिसतो. स्वरसंगती निवळते, पोत विरळ होतो. या सुबोधतेत युद्धोत्तर काळातील काही समीक्षकांना तडजोड दिसली. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे.

नाझीवादाच्या वाढत्या छायेमुळे बार्टोकने १९४० च्या ऑक्टोबरात मायदेश सोडला. अमेरिकेत मैफली थोड्या, मिळकत तुटपुंजी; पुढे रक्ताच्या कर्करोगाने शरीर पोखरले. अशा अवस्थेत, १९४५ च्या उन्हाळ्यात, त्याने ही रचना हाती घेतली ती पत्नी डिट्टा हिच्यासाठी. ती स्वतः पियानोवादक होती. आपल्या पश्चात तिच्या चरितार्थाला या कृतीचा आधार व्हावा, हा हेतू. २६ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले, तेव्हा अखेरच्या सतरा खंडांचे वाद्यवृंदलेखन तेवढे उरले होते. ते तिबोर शेर्ली या स्नेह्याने पूर्ण केले. ८ फेब्रुवारी १९४६ रोजी फिलाडेल्फियात बार्टोकचा शिष्य ग्यॉर्गी शांडोर याने ही रचना प्रथम सादर केली.

परंतु परिस्थितीने कृतीचा जन्म कळतो, तिचे स्वरूप नव्हे. पहिल्या भागाच्या आरंभी दोन्ही हात सप्तकांच्या अंतराने एकच धून वाजवतात. तंतुवाद्यांच्या मंद कंपनावर ती एखाद्या खेडुताच्या गाण्यासारखी उघडी, निराभरण उमटते. धून बार्टोकची स्वतःची आहे. पण १९०५ नंतरच्या वर्षांत फोनोग्राफ घेऊन खेडोपाडी लोकगीते टिपताना त्याने जे आत्मसात केले, तेच येथे बोलते. मधल्या भागाला त्याने ‘आदाजिओ रेलिजिओसो’ म्हटले आहे. त्यातील स्तोत्रसदृश गंभीर स्वर बेथोव्हनने आजारातून उठल्यावर १८२५ मध्ये रचलेल्या कृतज्ञतागीताची आठवण देतात. मग अकस्मात रात्रीचे रान जागे होते: नॉर्थ कॅरोलायनातील ॲशव्हिल येथे बार्टोकने टिपून ठेवलेले पक्ष्यांचे आवाज वाद्यांतून उमटतात. स्तोत्र परत येते ते सुषिरवाद्यांत, आणि पियानो त्याभोवती बाखच्या वळणाची नक्षी विणतो. अखेरचा भाग तर नृत्याच्या उसळत्या लयीचा, मध्येच फ्यूगच्या काटेकोर बांधणीचा.

मृत्यूच्या दारातील या संगीतात विलाप नाही. बेथोव्हनने आभार मानले ते बरे झाल्यावर; बार्टोक बरा होणार नव्हता, तरी त्याचा सूर तोच आहे. ज्याला तडजोड म्हटले गेले, ते चाळीस वर्षांच्या लोकगीतसाधनेतून आलेले साधेपण आहे. साधेपणाही कष्टाने मिळवावा लागतो, याचा हा कॉन्चेर्तो एक पुरावा ठरतो.