बंब : गाळ, क्षार व सफाई

बंब (घरगुती) : स्नानाचे पाणी तापविण्याचे तांब्याचे किंवा पितळेचे उभे, दंडगोल पात्र. याच्या मधोमध धुराड्याची नळी आरपार गेलेली असते. तिच्या बुडाशी असलेल्या जाळीवर ढलप्या, कोळसे किंवा गोवरीचे तुकडे पेटवितात आणि नळीभोवतीच्या पोकळीत भरलेले पाणी त्या धगीने तापले म्हणजे ते तोटीतून काढून घेतात. भोर व वेल्हे या मावळी भागांत थंडीत घर तापविण्याचा दस्तूर नसल्यामुळे, थंड देशांतील गृहस्थ घरभर खेळविलेल्या ऊन पाण्याच्या नळांची जी निगा राखतो, ती येथील गृहस्थाने बंबाची राखावी लागते.

या दोन यंत्रांतील गाळाची उत्पत्ती मात्र परस्परविरुद्ध आहे. थंड देशांतील बंदिस्त नळांत तेच पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते, आणि त्यात साचणारा काळा चिखल हा बहुतांशी त्या यंत्रातील लोखंडाच्याच संथ क्षरणाने झालेला चुंबकीय ऑक्साइड असतो. बंबात पाणी रोज नवे पडत असल्यामुळे त्याचा गाळ बाहेरून येतो. म्हणून सफाईस हात घालण्यापूर्वी पाणी कोठले आणि कोणत्या ऋतूतले, याची चौकशी अगत्याने करावी.

सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांतून जेव्हा गढूळ होऊन उतरतो, तेव्हा ते पाणी मृदू असले तरी मातीने भरलेले असते, आणि तोटी तळापासून बोटभर वर असल्याने तिच्याखाली जे पाणी कायमचे उरते त्यात ही माती निमूटपणे बसते. उन्हाळ्यात विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी वापरात येते. काळ्या पाषाणात दीर्घकाळ मुरलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असून ते तापले की कॅल्शियम कार्बोनेट वेगळे पडते आणि सर्वांत तप्त जागी, म्हणजे मधल्या नळीच्या पाण्याकडील अंगावर, पांढऱ्या-पिवळट खपलीच्या रूपाने चिकटते. तांब्याच्या मानाने या खपलीची उष्णतावाहकता शंभरपटींहून कमी असल्यामुळे सरपण वाढते आणि पाणी उशिरा तापते.

दोषाची परीक्षा खुणांवरून करावी. धूर वर न जाता जाळीच्या तोंडातून घरात परतत असेल तर नळी काजळीने तुंबली आहे. धूर नीट जात असूनही पाणी तापण्यास विलंब लागत असेल आणि आतून गडगड असा आवाज येत असेल, तर खपलीखाली अडकलेले पाणी उकळत आहे असे समजावे. पहिली तांब्याभर धार तपकिरी आली तर तळाशी माती आहे. जाळीखालची राख सकाळी ओली सापडली, तर नळीचा सांधा गळतो आहे. अशा बंबाला सफाईपूर्वी तांबटाकडे नेणेच इष्ट.

काजळी काठीला चिंधी किंवा काथ्याचा बोळा बांधून वरून खाली काढावी. मातीसाठी आम्लाची मुळीच गरज नाही : बंब पूर्ण निवल्यावर तोटी उघडून, दोघांनी तो तिरपा धरून आतले पाणी घुसळावे आणि निवळ पाणी येईपर्यंत हे पुन:पुन्हा करावे. खपलीवर चिंचेचे दाट पाणी, लिंबाचा रस किंवा शिरका घालून काही तास ठेवावा. प्रथम बारीक बुडबुडे उठतात, ते थांबले की आम्लाचा जोर सरला असे जाणून पाणी ओतून टाकावे आणि खपली राहिली असल्यास नवे घालावे. हे ओतलेले पाणी हिरवट दिसल्यास त्यात तांबे उतरलेले असते, म्हणून ते जनावरांच्या कोंडीत जाऊ देऊ नये. मोरी धुण्याचे तीव्र आम्ल वापरण्याची घाई कोणी करू नये, कारण ते खपलीबरोबर झाळही खाते. चिंच-राखेने बाहेरून लखलखीत ठेवलेला बंब आतून पुष्कळदा खपलीने भरलेला असतो, आणि बाहेरच्या तकाकीला सफाई समजण्याची ही चूक घरोघर होते.

रिकामा बंब कधीही पेटवू नये. कारण त्याच्या सांध्यांची कथील-शिशाची झाळ दोनशे अंशांच्या आतच वितळू लागते.

अलीकडे छपरांवर आलेल्या सौर तापकांच्या काचनळ्या खालच्या टोकाला बंद असल्याने माती त्यांतच उतरून बसते. त्या भल्या पहाटे, थंड असतानाच काढून धुवाव्यात, कारण तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी पडले की ती तडकते.

बंबाची सफाई वर्षातून दोनदा करावी : एकदा पावसाळा सरल्यावर मातीसाठी, एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस क्षारांसाठी. जळून झिजलेली मधली नळी बदलता येते, आणि पुण्यातील कसबा पेठेच्या तांबट आळीत हे काम जाणणारे कारागीर परंपरेने आहेत. तेव्हा जुना बंब मोडीत घालण्यापूर्वी तो एकवार तांबटाच्या नजरेखालून घालावा.